आजोबांचं कोलेस्टेरॉल, नातवाचं लिव्हर

आधी एक साधा भागाकार. २०११ च्या जनगणनेत बुलढाणा जिल्ह्याची लोकसंख्या भरली २५ लाख ८६ हजार. जगभरच्या अभ्यासांचा अंदाज असा, की दर अडीचशे ते तीनशे माणसांमागे एकाला कोलेस्टेरॉल जन्मतःच जास्त असतं. भागून बघा: आठ ते दहा हजार माणसं. सिंदखेडराजा ते जळगाव जामोद, लोणार ते मलकापूर, एवढी माणसं हा वारसा रक्तात घेऊन हिंडतायत आणि बहुतेकांना पत्ताच नाही. आजाराचं नाव फॅमिलियल हायपरकोलेस्टेरोलेमिया. जिभेला त्रास नको म्हणून डॉक्टरही एफएच म्हणतात, आपणही तेच म्हणू.

पोट सुटलेल्या माणसाचा हा आजार नव्हे. काडीसारखा अंगाचा, दिवसभर शेतात राबणारा, अंडंसुद्धा न शिवणारा माळकरी आणि एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, मात्र १९० च्या वर, असाही रुग्ण असतो. घरचे म्हणतात, "त्याला कशाचं कोलेस्टेरॉल?" आणि घरचेच सांगतात की आजोबा चाळिशीत गेले, मोठे काका पंचेचाळिशीत. दोन्ही वाक्यं एकाच ओसरीवर बोलली जातात, पण त्यांची सांगड कुणी घालत नाही.

आई किंवा बाप, एकाकडून बिघडलेलं जनुक आलं तर हा असा प्रकार. प्रत्येक मुलाला ते मिळण्याची शक्यता निम्मी. दोघांकडून आलं तर प्रकरण फार गंभीर: एलडीएल चारशे-पाचशेच्याही पुढं, आणि हृदयविकाराचा झटका शाळकरी वयातसुद्धा. हा प्रकार दर तीन लाखांत एक, म्हणजे हिशेबाने आपल्या जिल्ह्यात आठ-नऊ जणच. पण हा हिशेब नात्याबाहेरच्या लग्नांचा. मामाच्या पोरीशी सोयरीक ठरली की दोन्हीकडे तेच जनुक असण्याची शक्यता वाढते, आणि आपल्याकडे मामाच्या पोरीवर हक्क सांगायची रीत किती जुनी, हे काय सांगायचं!

धडधाकट लिव्हर काढून टाकलं तेव्हा

रक्तातलं एलडीएल उचलायचं काम मुख्यतः लिव्हरचं. त्यासाठी लिव्हरच्या पेशींवर रिसेप्टर नावाचं प्रथिन असतं. एफएचमध्ये बहुधा तेच अपुरं असतं नाहीतर निकामी. अमेरिकेत डॅलसच्या मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांनी १९७० च्या दशकात हे उलगडलं आणि १९८५ चं नोबेल मिळवलं.

त्याचा सगळ्यात जिवंत पुरावा म्हणजे टेक्ससची सहा वर्षांची स्टॉर्मी जोन्स. दोन्हीकडून जनुक आलेलं, कोलेस्टेरॉल हजाराच्या घरात. १४ फेब्रुवारी १९८४ ला पिट्सबर्गमध्ये तिचं हृदय आणि लिव्हर एकाच वेळी बदललं. लिव्हरची बाजू प्रत्यारोपणातले दिग्गज थॉमस स्टार्झल यांनी सांभाळली. हृदय निकामी झालं होतं, ते बदलणं समजू शकतो. लिव्हर मात्र एरवी ठणठणीत होतं, रिसेप्टर तेवढे नव्हते. नवं लिव्हर बसलं आणि कोलेस्टेरॉल तीनशेच्या आसपास उतरलं. ती १९९० पर्यंत जगली.

म्हणून एफएचच्या औषधांची गोष्ट ही मुळात लिव्हरची गोष्ट आहे. बहुतेक औषधांना काम तिथंच करायचं आहे. तिथं काम करताना पसारा किती होतो, एवढाच प्रश्न.

मोनालिसाचा डोळा, गुजरातचं नाव

पापणीपाशी पिवळट चट्टा, बुबुळाभोवती पांढरी कड, टाचेमागच्या जाड शिरेवर किंवा बोटांच्या पेरांवर गाठ. तरुण वयात यातलं काही दिसलं तर लिपिड प्रोफाइल करून घ्यावं. मोनालिसाच्या डाव्या डोळ्याजवळ तसाच एक ठिपका दिसतो, म्हणून तिला एफएच असावा असं काही डॉक्टरांनी गंभीरपणे लिहून ठेवलंय. बाईंचा रिपोर्ट काही हाती लागणार नाही.

या आजारातल्या जनुकदोषांना गावांची-प्रांतांची नावं द्यायची जुनी पद्धत आहे. एक एफएच-लेबनॉन आहे आणि एक चक्क एफएच-गुजरात. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत टेस्टर आशावैद यांच्या गटाने भारतीय रुग्णांमधले असे दोष तपासले आहेत. एफएच-वऱ्हाड असं काही निघालं तर नवल वाटायला नको. शोधायला कुणी बसायला मात्र हवं. बुलढाण्याला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२४ मध्ये मिळालंय, बघू.

उंदरांच्या लिव्हरमधले स्फटिक

"गोयी सुरू केली का जलमभर घ्या लागते, अन् लिव्हर जाते." हे वाक्य आपल्याकडे मेडिकलच्या काउंटरपासून एसटीच्या बाकापर्यंत ऐकू येतं. ही गोळी म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणारं स्टॅटिन. गंमत अशी की स्टॅटिनवरचा हा संशय स्टॅटिन बाजारात यायच्याही आधीचा आहे.

जपानच्या अकिरा एंडो यांनी सुमारे सहा हजार बुरशी धुंडाळल्या आणि १९७३ मध्ये त्यांना कोलेस्टेरॉल बनवणारं एन्झाइम अडवणारा पदार्थ, म्हणजे पहिलं स्टॅटिन, सापडला. बुरशी होती क्योटोतल्या तांदळाच्या दुकानातली. उंदरांना तो खाऊ घातला तर रक्तातलं कोलेस्टेरॉल ढिम्म हलेना. प्रकल्प गुंडाळायची वेळ आली. तेवढ्यात एका सहकाऱ्याकडे अंड्यांवर असलेल्या कोंबड्या होत्या त्या कामी आल्या. महिनाभरात त्यांचं कोलेस्टेरॉल जवळपास निम्म्यावर.

मग १९७७ मध्ये एंडोंच्या कंपनीतल्या विषशास्त्रज्ञांनी हरकत घेतली: भरमसाट डोस दिलेल्या उंदरांच्या लिव्हरच्या पेशींत सूक्ष्म स्फटिक दिसतायत, औषध विषारी असणार. पुन्हा काम ठप्प. ही कोंडी फोडली एफएचच्या रुग्णांनीच. ओसाकाचे डॉक्टर अकिरा यामामोटो यांच्याकडे एक अठरा वर्षांची मुलगी होती, दोन्हीकडून जनुक आलेली. दुसरा काही इलाज उरला नव्हता. १९७८ मध्ये तिला हे औषध दिलं. तिचे स्नायू दुखावले म्हणून डोस कमी करावा लागला, पण कोलेस्टेरॉल उतरलं. मग इतर रुग्णांना दिलं, त्यांचंही उतरलं, आणि लिव्हर कुणाचं गेलं नाही. एंडोंचं औषध पुढं वेगळ्याच कारणांनी मागं पडलं, पण त्याच जातीचं लोव्हास्टॅटिन अमेरिकेत १९८७ मध्ये बाजारात आलं. एंडो २०२४ मध्ये नव्वदाव्या वर्षी गेले. नोबेल मिळालं नाही. मला विचाराल तर हा त्या समितीचा नतद्रष्टपणा.

लिव्हरचं म्हणाल, तर अमेरिकेच्या औषध नियामक खात्याने, म्हणजे एफडीएने, फेब्रुवारी २०१२ मध्येच सांगून टाकलं की स्टॅटिन घेणाऱ्याची ठराविक महिन्यांनी लिव्हर तपासणी करत बसायची गरज नाही. सुरू करण्याआधी एकदा करा, नंतर काविळीसारखी लक्षणं दिसली तर करा. गंभीर इजा इतकी विरळा, की नेमाने रक्त काढून ती आधी ओळखूही येत नाही. फॅटी लिव्हर आहे म्हणून स्टॅटिन नको, हाही गैरसमजच.

आणि आपल्या रिपोर्टवरचा तो एसजीपीटी, म्हणजे लिव्हरचं एन्झाइम. वरची मर्यादा ४० धरली तर ४८ आला म्हणून गोळी बंद करणारे महाभाग आहेत. डॉक्टर खरे सावध होतात ते तिप्पट झाल्यावर, म्हणजे १२० च्या पुढं. ४८ ला गोळी फेकून देणाऱ्या एफएचवाल्याचं लिव्हर सुखरूप राहतं. हृदयाचं काय ते कार्डिओलॉजिस्टला विचारा.

माल सुटला नाही की जिनिंग भरतं

लिव्हरला खरोखर जड जाणारं औषध वेगळंच आहे. लोमिटापाइड. डिसेंबर २०१२ मध्ये एफडीएने मंजूर केलं, तेही फक्त दोन्हीकडून जनुक आलेल्यांसाठी. स्टॅटिन रिसेप्टर वाढवून काम करतं. पण ज्याच्याकडे धड रिसेप्टरच नाहीत त्याला काय वाढवणार? म्हणून पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या डॅनियल रेडर आणि मंडळींनी दुसरा रस्ता धरला: लिव्हरमधून चरबीचे कण बाहेरच पडू द्यायचे नाहीत. ते कण बांधणारं एमटीपी नावाचं प्रथिनच अडवायचं.

आता खामगावच्या कापसाच्या हंगामात ट्रक सुटायचे बंद झाले तर काय होईल? जिनिंग भरून वाहील. लिव्हरचं तेच होतं. २९ रुग्णांवरच्या मुख्य चाचणीत सहा महिन्यांत एलडीएल सरासरी निम्म्यावर आलं, ही कमाल. त्याच सहा महिन्यांत लिव्हरमधली चरबी सुमारे १ टक्क्यावरून ८.६ टक्क्यांवर गेली, आणि २९ पैकी १० जणांचं एन्झाइम कधी ना कधी तिपटीला पोचलं. डोस कमी करून किंवा काही दिवस थांबवून ते खालीही आलं. लिव्हरमुळे कुणाला औषध कायमचं सोडावं लागलं नाही. तरीही एफडीएने डब्यावर सर्वात कडक, चौकटीतला इशारा छापायला लावला.

या औषधाचे नियम वाचले की वाटतं हे शेगावकडे बघूनच लिहिलेत. रोजच्या उष्मांकांपैकी चरबीतून २० टक्क्यांपेक्षा कमी. दोन हजार उष्मांक खाणाऱ्याला दिवसाला सुमारे ४४ ग्रॅम. म्हणजे मोठे तीन चमचे तेल, आणि त्यात दूध, शेंगदाणे, फोडणी, सगळं आलं. नियम मोडला तर शिक्षेला उद्यापर्यंत थांबावं लागत नाही, जुलाब लगेच. शेगावची कचोरी, जी स्टेशनवर १९५० च्या सुमारास सुरू झाली आणि आज पार्सलने पुण्या-मुंबईला जाते, ती या रुग्णाने लांबूनच बघायची. तर्री नाही. तुपात बुचकळलेले रोडगे तर नाहीतच. रात्रीच्या जेवणानंतर किमान दोन तासांनी, नुसत्या पाण्यासोबत कॅप्सूल घ्यायची. चरबीसोबत शोषली जाणारी जीवनसत्त्वं कमी पडू नयेत म्हणून ई जीवनसत्त्व आणि आवश्यक मेदाम्लं वरून घ्यायची. पहिलं वर्ष लिव्हरची तपासणी महिन्याच्या महिन्याला. एन्झाइम तिप्पट झालं की डोस कमी, पाचपट झालं की बंद.

ग्रेपफ्रूट सक्त मना, कारण ते आतड्यातलं औषध मोडणारं एन्झाइम अडवतं आणि रक्तातला डोस वाढतो. जळगाव जामोद-संग्रामपूरकडच्या संत्रा बागायतदारांनी घाबरायचं कारण नाही, आपल्या संत्र्यात तो घटक नगण्य असतो. पपनस मात्र ग्रेपफ्रूटच्या घराण्यातलंच, त्याबद्दल डॉक्टरांना विचारलेलं बरं.

दारूची गोष्ट वेगळी सांगायला नको. लेबलवर दिवसाला एका पेगाची मर्यादा आहे. आपल्याकडे "एकच" चा अर्थ काय होतो हे लेबल लिहिणाऱ्यांना माहीत नसावं.

इतक्या जोखमीचं औषध मोजक्या रुग्णांपुरतंच राहायला हवं होतं. बनवणारी कंपनी एजेरियन मात्र ते साध्या कोलेस्टेरॉलवाल्यांनाही खपवत होती. २०१७ मध्ये गुन्हा कबूल करून साडेतीन कोटी डॉलरहून जास्त भरायची वेळ तिच्यावर आली.

भाऊ-भाऊ, पण नशीब निराळं

लोमिटापाइडपाठोपाठ जानेवारी २०१३ मध्ये मिपोमर्सेन आलं. आठवड्याला एक इंजेक्शन. एलडीएल कणाचं मुख्य प्रथिनच लिव्हरमध्ये तयार होऊ द्यायचं नाही. परिणाम पुन्हा तोच, चरबी आत साचायची, एन्झाइम चढायचं. युरोपने ते नाकारलं. अमेरिकेत २०१९ मध्ये गाशा गुंडाळला.

आता उलट उदाहरण. डॅलसच्या संशोधनात एक बाई सापडली, पीसीएसके९ नावाचं प्रथिन जिच्या रक्तात औषधालाही नाही. तिचं एलडीएल फक्त १४. तब्येत उत्तम, मूल झालेलं, लिव्हर ठीक. हे प्रथिन रिसेप्टर मोडायचं काम करतं, ते नसलं की रिसेप्टर जास्त काळ टिकतात. निसर्गानेच चाचणी घेऊन ठेवली होती म्हणायची. तिच्यासारख्यांच्या जिवावर २०१५ मध्ये अॅलिरोक्युमॅब आणि इव्होलोक्युमॅब ही इंजेक्शनं आली, आणि लिव्हरच्या खात्यात त्यांच्यावर ठपका नाही. अट एकच, थोडेतरी रिसेप्टर हवेत. अजिबात नसलेल्याला यांचा उपयोग नाही.

त्याच प्रथिनावरचं इन्क्लिसिरान वर्षातून दोनदाच घ्यायचं. सुरुवातीला तीन महिन्यांच्या अंतराने दोन, मग सहा-सहा महिन्यांनी. त्याला साखरेचं असं शेपूट जोडलंय की जे फक्त लिव्हरच्या पेशीच ओळखतात. औषध थेट लिव्हरमध्ये शिरतं आणि तरी चाचण्यांत लिव्हरचे रिपोर्ट नुसत्या मिठाच्या पाण्याचं इंजेक्शन घेतलेल्यांइतकेच राहिले. भारतात मिळतं. किंमत विचारण्याआधी बसून घ्यावं.

बेम्पेडोइक ॲसिड ही गोळी तर पोटात जाते तेव्हा निद्रिस्त असते. तिला जागं करणारं एन्झाइम लिव्हरमध्ये आहे, स्नायूंमध्ये नाही. म्हणून स्टॅटिनने ज्यांचे पाय दुखतात त्यांना ही देतात. सुमारे चौदा हजार जणांवरच्या, २०२३ मध्ये जाहीर झालेल्या चाचणीत लिव्हर एन्झाइम ४.५ टक्के लोकांचं वाढलं. पण तुलनेसाठी बिनऔषधाची गोळी घेणाऱ्यांतही ते ३ टक्क्यांचं वाढलंच होतं. युरिक ॲसिड मात्र वाढवते, तेव्हा अंगठा सुजणाऱ्यांनी आधी सांगावं.

एकच निशाणा, दोन बाण

इटलीतल्या कॅम्पोदिमेले या डोंगरावरच्या गावात काही कुटुंबांचं सगळंच लिपिड विलक्षण कमी. कारण अँजिओपोएटिनलाइक-३ नावाचं प्रथिन त्यांच्यात नाही. त्यावरून बेतलेलं इव्हिनाक्युमॅब फेब्रुवारी २०२१ मध्ये मंजूर झालं. महिन्याला एक सलाइन. ते रिसेप्टरवर अवलंबून नाही, त्यामुळे दोन्हीकडून जनुक आलेल्यांचंही एलडीएल निम्म्याच्या आसपास उतरतं, आणि लिव्हरमध्ये चरबी साचल्याची तक्रार नाही.

तेच प्रथिन, दुसरं औषध: व्हुपानोर्सेन. तेही तोच निशाणा धरून होतं, फक्त रक्तात न पकडता लिव्हरच्या पेशीतच प्रथिन बनू द्यायचं नाही असा बेत. लिव्हरमध्ये चरबी वाढली, एन्झाइम चढलं, आणि जानेवारी २०२२ मध्ये फायझरने हात झटकले. "कुठल्या प्रथिनावर काम करतं" एवढं विचारून भागत नाही, कुठं गाठून करतं हेही विचारायला लागतं. ही जोडी मला या सगळ्या प्रकरणात सर्वात मजेशीर वाटते.

आणि अहमदाबादचं सॅरोग्लिटाझार तर तिसऱ्याच दिशेने गेलं. झायडसचं हे भारतीय औषध २०१३ मध्ये मधुमेहींच्या बिघडलेल्या लिपिडसाठी मंजूर झालं आणि २०२० मध्ये चरबीने सुजलेल्या लिव्हरसाठी. एफएचवरचं ते नव्हे. पण लिपिडच्या औषधाने लिव्हरवालाच पेशंट मिळवला.

काढ्याला कुणी लिव्हर टेस्ट विचारत नाही

स्टॅटिनचा डबा उघडताना हात थरथरतो आणि गुळवेलीचा काढा मात्र तांब्याने. कोरोनाच्या काळात, सप्टेंबर ते डिसेंबर २०२० मध्ये, मुंबईत लिव्हरच्या डॉक्टर आभा नगराळ आणि सहकाऱ्यांकडे गुळवेल घेणारे सहा रुग्ण आले, लिव्हरला इजा झालेले. त्यातली एक बाई दगावली. पुढं देशातल्या तेरा केंद्रांनी मिळून असे ४३ रुग्ण नोंदवले. आयुष मंत्रालयाने हे मानलं नाही. गुळवेलीच्या नावाखाली तिच्यासारखीच दिसणारी दुसरी वेल घेतली गेली असेल, असं त्यांचं म्हणणं. असेलही. पण मग कुठली वेल आहे ते काढा उकळणाऱ्याला तरी कुठं ठाऊक असतं?

आणि नैसर्गिक म्हणजे निर्धोक, हे शेगाव तालुक्याने तरी मानू नये. जानेवारी २०२५ मध्ये बोंडगाव, कालवडकडे माणसांचे केस पुंजक्यांनी गळाले तेव्हा डॉ. हिंमतराव बावस्करांनी बोट दाखवलं ते रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमकडे. कुठल्या कंपनीच्या गोळीकडे नाही.

एफएचच्या पेशंटने डॉक्टरकडे जाताना गोळ्यांच्या पाकिटांसोबत काढ्याची पुडी, जिममधली पावडर आणि वैदूचं चूर्णही पिशवीत घालावं. एसजीपीटी वाढला की पहिला संशय नेहमी स्टॅटिनवर जातो, आणि बऱ्याचदा खरा आरोपी पिशवीत नसलेला असतो.

एकदाच टोचा, कायमचं विसरा?

सगळ्यात ताजी धडपड लिव्हरच्या पेशींतलं पीसीएसके९ चं जनुकच बंद करायची. आयुष्यात एकदा सलाइन, बस. अमेरिकेच्या व्हर्व्ह कंपनीने एफएचच्या रुग्णांवर हा प्रयोग २०२२ मध्ये न्यूझीलंडमध्ये सुरू केला. पण एप्रिल २०२४ मध्ये एका रुग्णाचं लिव्हर एन्झाइम चढलं, प्लेटलेट घसरल्या, आणि पहिल्या औषधाची भरती थांबवली. संशय जनुक बदलण्यावर नव्हता. ते लिव्हरपर्यंत नेणाऱ्या चरबीच्या सूक्ष्म वेष्टनावर होता. पुढच्या औषधात वेष्टन बदललं, वर तेच साखरेचं शेपूट जोडलं. जून २०२५ मध्ये एलाय लिलीने आख्खी कंपनी विकत घ्यायचं ठरवलं.

ते इथवर येईल तेव्हा येईल. तोवर भारतीय हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२४ मध्ये घालून दिलेला नियम बुलढाण्यात आजच पाळता येतो: पहिलं लिपिड प्रोफाइल अठराव्या वर्षी, आणि घरात कुणाला लवकर अटॅक आला असेल किंवा एफएच असेल तर त्याही आधी. उपाशीपोटी यायचीही गरज नाही. चहा-पोहे खाऊन लॅबमध्ये गेलात तरी चालतं.